वारकऱ्याला पिशवी द्या, पण पाठीचे माप घेऊन

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आषाढी जवळ आली की आपल्या अंकात एक फोटो हमखास येतो. मंडप, हार घातलेली मंडळी, आणि रांगेत उभ्या वारकऱ्यांच्या हातात एकसारख्या पिशव्या. पिशवीवर देणाऱ्याचा फोटो नाहीतर संस्थेचे नाव. यंदाही तसा फोटो आला. देणाऱ्याच्या भक्तीबद्दल मला शंका नाही, वारकऱ्याच्या हातात काहीतरी द्यावे ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती चांगलीच आहे. मला लिहायचे आहे ते त्या पिशवीच्या दोरीबद्दल. ही पिशवी अशी असते, की वरची दोरी ओढली की तोंड बंद होते आणि तीच दोरी खांद्यावर येते. सुतळीपेक्षा थोडी जाड दोरी. पाच किलो ओझे त्या दोरीवर टाकून सत्तरीतली बाई दिवसाला वीस किलोमीटर चालते. संपादक साहेब, हे पत्र लांबणार आहे, पण वारीच्या आधी छापता आले तर उपयोग होईल.

मी अंबाजोगाईत गाड्यांची सीट कव्हर, ताडपत्र्या आणि बॅगा शिवतो. दुकान वडिलांचे, मशीन मात्र आता जाड कापड शिवणारी आहे. शेगावच्या श्री गजानन महाराजांची पालखी परळीहून घाट चढून आमच्या गावी येते आणि पुढे लोखंडी सावरगाव, कळंब, तेर, धाराशिव, तुळजापूर करत सोलापूरमार्गे पंढरीला जाते. शेगाव ते पंढरपूर ही वाट साडेसातशे किलोमीटरच्या आसपास. पालखीचा मुक्काम आमच्याकडे असतो त्या दिवशी आणि पुढे-मागे लहान दिंड्या जातात त्या दिवसांत माझ्या दुकानासमोर फाटक्या बॅगांचा ढीग लागतो. त्या दिवसांत मी दुसरे काम घेत नाही आणि वारकऱ्यांकडून मजुरीही घेत नाही. मी स्वतः गावच्या दिंडीत चालतो, आश्विनात तुळजापूरलाही पायी जातो. त्यामुळे बॅग कुठे फाटते हे मशीनवर बसून कळले आणि ती माणसाला कुठे काचते हे रस्त्यावर कळले.

शहरातला वाचक म्हणेल, वारीत सामान ट्रकमध्ये असते, मग बॅगेची एवढी चर्चा कशाला? मोठ्या पालख्यांत आणि शिस्तीच्या दिंड्यांत सामान ट्रकमध्येच असते हे खरे. पण मराठवाड्यातून निघणारी सगळी माणसे त्या हिशोबात बसत नाहीत. दहा-पंधरा जणांची गावदिंडी असते, तिला ट्रक परवडत नाही. ज्येष्ठ वद्य सप्तमीला नाथांची पालखी पैठणहून निघते, तिला वाटेत गाठायला दोघे-तिघे आपापले निघालेले असतात. जालना-बीडकडून मुक्ताईच्या पालखीत मध्येच मिसळणारे असतात. काही म्हाताऱ्या अशा, की ट्रक असला तरी गाठोडे त्यात टाकणार नाहीत, कारण एकदा ते कुणाच्या तरी पथारीखाली गेले की रात्री दहापर्यंत सापडत नाही. आणि ज्याचे सगळे सामान ट्रकमध्ये आहे त्याच्याही पाठीवर पाणी, औषधे, पाऊस आला तर प्लास्टिकचा कागद, वाळलेल्या कपड्यांची एक जोडी, हरिपाठ आणि कुणीतरी दिलेली केळी असतातच. दिवसभराचे ते ओझे तीन-चार किलोंवर सहज जाते.

माझ्याकडे येणाऱ्या बॅगा तीन जागी फाटलेल्या असतात. पहिली आणि सर्वांत जास्त, पट्टा जिथे वरच्या शिवणीत अडकवलेला असतो ती जागा. तिथे कारखान्यात एकच सरळ टीप मारलेली असते, तीही कापडाच्या कडेजवळ. चालताना बॅग प्रत्येक पावलाला किंचित वर उडते आणि खाली बसते, म्हणजे ती टीप दिवसातून हजारो वेळा ओढली जाते. तिथे पट्टा आत दोन बोटे घेऊन चौकोनी टीप आणि चौकोनात फुली मारावी लागते. विकत घेताना पट्ट्याच्या मुळाशी ही चौकोनातली फुली दिसते का तेवढे बघा, शिवणाऱ्याने मनापासून शिवली आहे की नाही ते तिथेच कळते. दुसरी जागा चेनची. गच्च भरलेल्या बॅगेची चेन गुडघ्याखाली दाबून ओढली की रनर पसरतो, मग दात जुळत नाहीत. हा दोष चेनचा कमी आणि ओझ्याचा जास्त. तिसरी जागा बूड. आपल्याकडची काळी माती पावसात चिकट होते आणि वाळली की खरखरीत होते. बॅग दिवसातून पंधरा वेळा जमिनीवर टेकते, बूड झिजतेच. बुडाला दुहेरी कापड किंवा रेक्झिनचा तुकडा हवा. बाकी बॅग हलकी असू द्या, बूड मात्र जाड हवे.

गेल्या काही वर्षांत अशा दोरीच्या पिशव्या घेऊन येणाऱ्या बायका वाढल्या. जिंतूरकडची एक आजी आली होती. पिशवी फाटलेली नव्हतीच. तिने पदर बाजूला करून खांदा दाखवला, दोन्हीकडे काळेनिळे वळ. "लेकरा, फाटली न्हाई रे ही, मलाच फाडाय लागली," म्हणाली. उजव्या हाताची बोटे बधिर झाली होती, टाळ नीट वाजत नव्हता, आणि तिला त्याचेच जास्त दुःख होते. मानेकडून हाताकडे जाणाऱ्या नसा खांद्याच्या पुढच्या बाजूने जातात. बारीक दोरी त्यांवर तास न् तास दाबून राहिली की हाताला मुंग्या येतात, पकड ढिली होते. आमच्या गावच्या डॉक्टरांनी मला हे समजावून सांगितले. मी तिच्या पिशवीला मागून तीन बोटे रुंदीचे, आत फोम घातलेले दोन पट्टे लावून दिले. वीस मिनिटांचे काम. ते पिशवी करतानाच झाले असते तर तिला परभणी ते अंबाजोगाई तो त्रास नसता.

आता बॅग कशी निवडावी, ज्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतले.

बॅगेत किती मावते ते लिटरमध्ये मोजतात. दुकानात गेले की लोक विचारतात, "किती लिटरची?" आणि मोठी घेतात, कारण लागली तर असू द्यावी. हा विचार लांब चालणाऱ्याला महागात जातो. रिकामी जागा दिसली की माणूस भरतोच. चाळीस लिटरच्या पुढची सॅक पायी यात्रेला लागत नाही. दिंडीत चालणाऱ्याला वीस लिटर पुष्कळ झाले, सगळे स्वतः वागवणाऱ्याला तीस ते पस्तीस. डोंगरावर तंबू घेऊन जाणाऱ्यांच्या साठ लिटरच्या सॅक रिकाम्याच दोन किलोच्या पुढे भरतात. एवढ्या वजनात वारकऱ्याची एक घोंगडी येते. रिकामी बॅग एक किलोच्या आत असावी, आणि लहान बॅग अर्ध्या किलोच्या आसपास.

पण लिटरच्याही आधी पाठीचे माप. हे आपल्याकडे कुणीच बघत नाही. शर्ट घेताना आपण मापाचा घेतो, चप्पल घालून दोन पावले चालून बघतो, आणि दिवसभर पाठीवर राहणारी वस्तू मात्र रंग बघून उचलतो. माप घ्यायची पद्धत साधी आहे. मान पुढे झुकवा, मानेच्या मुळाशी एक हाड वर येते, तिथे टेपचे एक टोक. मग दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की अंगठे मागे येतील आणि बोटे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकतील. दोन अंगठ्यांना जोडणारी जी आडवी रेघ, तिथे टेपचे दुसरे टोक. हे जे अंतर ते तुमच्या पाठीचे माप. मोठ्या माणसांत ते बहुधा 15 ते 21 इंचांत येते. उंचीवरून याचा अंदाज बांधू नका. पाय लांब आणि पाठ आखूड अशी उंच माणसे मी खूप मोजली, आणि बुटकी पण लांब पाठीची तर त्याहून जास्त. बॅगेचे खांद्याचे पट्टे जिथून निघतात तिथपासून कमरपट्ट्याच्या मध्यापर्यंतचे अंतर या मापाशी जुळले पाहिजे. ते जास्त असेल तर कमरपट्टा मांडीवर येतो, कमी असेल तर पोटावर. दोन्ही वेळा ओझे खांद्यावरच राहते आणि कमरपट्टा नुसता शोभेला उरतो.

कमरपट्ट्यात खरे काय आहे हे मला एका परदेशी सॅकने शिकवले. लातूरचे एक गिऱ्हाईक स्पेनमध्ये सांतियागोची पायी यात्रा करून आले होते. तिकडेही आपल्यासारखीच जुनी यात्रा आहे, फ्रान्सच्या सीमेजवळून निघाले तर सांतियागोपर्यंत सुमारे 780 किलोमीटर, आणि यात्रेकरू म्हणून ओळखू यावे यासाठी लोक सॅकला शिंपला बांधतात. तिकडे दिंडीचा ट्रक नाही, पथारी नाही, बहुतेक जण आपले ओझे आपणच वागवतात. त्यामुळे ओझे कसे वागवावे याचा त्या लोकांनी बारकाईने विचार केला आहे. या गृहस्थांच्या सॅकचे बकल तुटले म्हणून ती माझ्याकडे आली. मी त्यांना विचारून तिची पाठीची शिवण उसवली आणि आत काय आहे ते बघितले. आत प्लास्टिकचा एक पातळ पत्रा होता आणि त्यात ॲल्युमिनियमची एक सपाट पट्टी, पाठीच्या बाकाप्रमाणे वाकवलेली. खांद्यावर पडणारे वजन ही पट्टी खाली नेते आणि कमरपट्टा ते कमरेच्या हाडांवर घेतो. पट्टा नीट बसला तर निम्म्याहून बरेच जास्त ओझे कमरेवर जाते, खांद्यांना फक्त बॅग अंगाजवळ धरून ठेवायची असते. आपल्या बाया लेकरू कडेवर घेऊन कोसभर चालतात, तेच लेकरू दोरीने गळ्यात अडकवले तर शंभर पावले होणार नाहीत. तसेच हे.

त्या गृहस्थांनी आणखी एक नियम सांगितला. तिकडचे जाणते यात्रेकरू पाठीवरचे एकूण ओझे स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊ देत नाहीत. पन्नास किलोच्या बाईला पाच किलो, त्यात बॅग आली, पाणी आले, सगळे आले. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, हे विसरून लोक दोन बाजूला दोन बाटल्या खोचतात. आपल्या वाटेवर गावोगावी पाणी देणारे उभे असतात, एक लिटर जवळ असले की भागते. ज्येष्ठात पाऊस लांबला आणि ऊन चाळिशीला टेकले तर दुसरी बाटली घ्यावी, तेवढ्यापुरती.

माझे मत असे की चार किलोपर्यंतचे ओझे असेल तर रुंद पट्टे पुरतात, आत पट्टी-पत्रा काही नको, उगाच वजन वाढते. त्यापुढे कमरपट्टा हवाच. सहाच्या पुढे गेले तर आधी ओझे कमी करा आणि मग बॅगेकडे बघा.

इथवरचे कोणत्याही देशातल्या चालणाऱ्याला लागू आहे. पण बाहेरून शिकून आलेली बॅग जशीच्या तशी आपल्या वारकऱ्याला बसत नाही, आणि याचा विचार आपल्यालाच करावा लागेल. नऊवारी नेसलेल्या बाईचे बघा. निऱ्या पुढे खोचलेल्या, कासोटा मागे खोचलेला. तयार सॅकचे बकल बरोबर निऱ्यांवर येते. ते आवळले की निऱ्या दाबतात, बसता-उठता निऱ्या सुटतात, चारचौघांत बाई अवघडते आणि पहिल्याच विसाव्याला कमरपट्टा सोडून देते. पाठीकडचा जाड फोम कासोट्याच्या गाठीवर टेकतो आणि दिवसभरात तिथली कातडी सोलते. म्हणून बायकांसाठी मी कमरपट्टा वेगळा शिवतो. बकल मध्यावर न घेता डाव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या थोडे पुढे. दोन्ही कुशींवर चार बोटे रुंद आणि पोटावर फक्त एक बोट रुंदीची निवार पट्टी. आणि पाठीमागे मधोमध फोम नाहीच, दोन बाजूंना दोन उभे पट्टे, मध्ये मोकळी वाट. त्यात कासोटा बसतो आणि वाराही खेळतो. धोतर नेसणाऱ्या माणसांनाही हीच पाठ चालते. छातीवरचा आडवा पट्टा तयार बॅगांना एका जागी शिवलेला असतो, बायकांना तो नको त्या जागी येतो. तो वर-खाली सरकणारा हवा, गळ्याच्या खाली चार बोटांवर आला की त्रास होत नाही.

मग वाद्ये. टाळकऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून पाण्याची बाटली त्याला बॅग न काढता, मागे हात नेऊन घेता आली पाहिजे. बाजूचा खिसा सरळ उभा न शिवता पुढे तिरका शिवला की हात पोचतो. पखवाज वाजवणाऱ्याच्या गळ्यात आधीच एक पट्टा असतो, त्याच्या खांद्यावर दुसरे काही टाकूच नये, त्याचे सामान दुसऱ्याने वाटून घ्यावे. पताका घेणाऱ्याची काठी एका खांद्यावर टेकते, नेमकी बॅगेच्या पट्ट्यावर. पट्टा गुळगुळीत नायलॉनचा असेल तर काठी घसरते, म्हणून त्या खांद्यावर सुती कापडाची पट्टी शिवून घ्यावी. तुळस डोक्यावर घेणाऱ्या बाईची मान ताठ असते, तिची बॅग मानेच्या वर अजिबात जाता कामा नये. पावली खेळताना, फुगडी घालताना मात्र बॅग कुणाजवळ तरी काढून ठेवावी. उड्या मारताना पाठीवरचे ओझे मागे खेचते आणि गुडघा मुरगळतो.

कापडाविषयी थोडे. कॅनव्हास मजबूत असते आणि जुन्या लोकांना तेच आवडते, पण ते वजनाला जड आणि पावसात पाणी पिऊन दीडपट होते. शाळेच्या बॅगा बहुतेक 600 डेनियरच्या (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप) पॉलिस्टरच्या असतात, टिकतात, पण थोड्या जड. लांब चालायला 210 ते 420 डेनियरचे नायलॉन चांगले, बाजारात पॅराशूट कापड म्हणून मागितले की मिळते. त्यात बारीक चौकडी विणलेली दिसली तर जास्त चांगले, कारण एका जागी फाटले तर चौकडीच्या जाड धाग्यापाशी फाट अडते. पट्ट्यात घातलेला फोम दाबून बघा. मऊ स्पंज दोन दिवसांत चपटा होतो, घाम आणि पाऊस पितो, वास धरतो. चप्पल-सपातांत असतो तसला घट्ट फोम हवा, तो पाणी धरत नाही. शिवलेला दोरा सुती असेल तर घामाने कुजतो, पॉलिस्टरचा हवा. काळा रंग घेऊ नका, उन्हात पाठीला भाजतो आणि अंधारात रस्त्यावरून चालताना गाडीवाल्याला दिसत नाही. पहाटे चारला निघणाऱ्या दिंड्या असतात, ट्रक-टँकर जवळून जातात. बॅगेच्या मागे चमकणारी पट्टी शिवून घ्यायला दहा-वीस रुपये लागतात. माझ्याकडे येईल त्या प्रत्येक बॅगेला मी ती न विचारता लावतो.

पावसासाठी बॅगेवर घालायचा कव्हरचा तुकडा विकत मिळतो. तो असावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये. पाऊस पाठीवरून ओघळून बॅग आणि पाठ यांच्यामधून आत शिरतो, तिथे कव्हर नसतेच. आतून एक जाड प्लास्टिकची पिशवी घाला, सामान त्यात भरा आणि तोंड पिळून गाठ मारा. खताच्या गोणीतली आतली पिशवी धुऊन वापरणारे पुष्कळ आहेत. ते करू नका. वास जात नाही आणि त्यात कपडे ठेवून अंगाला खाज सुटलेली माणसे मी बघितली आहेत. नवी पिशवी वीस-तीस रुपयांत येते.

सामान काय घ्यावे यावर आपल्या अंकात दरवर्षी यादी येते, त्यामुळे मी ते सांगत बसत नाही. फक्त भरायचा क्रम सांगतो. पांघरूण तळाशी, जड वस्तू पाठीला लागून मधोमध, दिवसा लागणारे वर. जड वस्तू बाहेरच्या खिशात टाकली की बॅग मागे ओढते आणि माणूस पुढे वाकून चालतो, संध्याकाळी कंबर धरते. स्टीलचा तांब्या नेहमी बाहेरच्या खिशात असतो, मी दरवेळी तो काढून आत ठेवायला लावतो. गोधडी नेऊ नका, प्रेमाने शिवलेली असली तरी. ओली झाली की ती दोन दिवस वाळत नाही.

नर्मदा परिक्रमेला जाणाऱ्यांचा हिशोब थोडा वेगळा आहे. आमच्या भागातून आता बरेच लोक जातात, माझी थोरली बहीण आणि दाजीही गेले होते. अडीच हजार किलोमीटरहून मोठी वाट, नदी सतत उजव्या हाताला, ओलांडायची नाही, आणि कुठे मुक्काम मिळेल ते ठरलेले नाही. थंडीत चालायचे असल्याने पांघरूण जास्त लागते. सदावर्तात कोरडा शिधा मिळाला तर एखाद्या वेळचा शिधाही वागवावा लागतो, म्हणजे बॅग सकाळी पाच किलोची आणि दुपारी सात किलोची. म्हणून दोघांच्या सॅकला मी बाजूने आवळायच्या पट्ट्या लावल्या, सामान कमी असले की बॅग चपटी करून घ्यायची, आत काही हलत नाही. नर्मदाजलाची कुपी उभीच राहावी यासाठी आतून पाठीला लागून एक उभा कप्पा शिवला. दाजींची पाठ बहिणीपेक्षा आखूड, त्यामुळे दोघांनी एकमेकांच्या सॅक बदलून घ्यायच्या नाहीत असे बजावून सांगितले होते. तरी शूलपाणीच्या झाडीत चढावर दाजींनी मोठेपणाने तिची जास्त भरलेली सॅक घेतलीच, आणि संध्याकाळी फोन आला की खांदे गेले.

ज्यांना नवी बॅग घ्यायची ऐपत नाही त्यांच्यासाठी एक सांगतो. नातवंडाची जुनी शाळेची बॅग ही वाईट गोष्ट नाही. लोक तिला हसतात, पण 14-15 इंच पाठीच्या आजीला तीच बरोबर बसते, मोठ्या ट्रेकिंग सॅकपेक्षा कितीतरी चांगली. फक्त तिचे पट्टे रुंद करून घ्या, मुळाशी चौकोनी टीप मारून घ्या आणि खालून एक कमरपट्टा जोडून घ्या. कोणताही बॅग शिवणारा हे तासाभरात करून देईल. कार्टूनचे चित्र असले तर असू द्या.

आणि नवी घेणार असाल तर दुकानात रिकामी घालून आरशात बघू नका. येताना किराणा दुकानातून पाच किलो तांदूळ घ्या, तो बॅगेत टाका. आधी कमरपट्टा हाडावर बांधा, मग खांद्याचे पट्टे ओढा, मग छातीचा. त्यानंतर दुकानदाराला सांगून समोरच्या रस्त्यावर पंधरा मिनिटे चाला, एखादा चढ असेल तर चढा. खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. नाही गेली तर वजन अजून खांद्यावरच आहे. दुकानदार कुरकुर करील, करू द्या. आणि घेतलेली बॅग वारीच्या दिवशी पहिल्यांदा पाठीवर घेऊ नका. निदान पंधरा दिवस आधी शेतात जाताना-येताना भरून वागवा, म्हणजे कुठे काचते ते घरीच कळेल.

आता परत त्या फोटोकडे येतो. छापलेली दोरीची पिशवी देणाऱ्याला साधारण चाळीस-पन्नास रुपयांना पडते. मी वर सांगितली तशी वीस लिटरची बॅग, बायकांचा कमरपट्टा लावून, एकदम शंभर शिवल्या तर पाच-सहाशेच्या आत बसते. म्हणजे हजार पिशव्यांच्या पैशात शंभराच्या आत बॅगा होतील. फोटोत रांग लहान दिसेल हे मला समजते. पण त्या बॅगा पाच-सात वाऱ्या चालतील. आणि तेवढाही खर्च नको असेल तर नुसते फोम घातलेले रुंद पट्टे आणि कमरपट्टा द्या, कोणत्याही बॅगेला बांधता येतील असे. शंभर-सव्वाशेत होतात. नाव छापायचे असेल तर जरूर छापा, पट्ट्यावर जागा असते. 2024 मध्ये शासनाने पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्यांना प्रत्येकी 20 हजार रुपये देण्याचे जाहीर केले होते. असा पैसा हाती येतो तेव्हा दिंडीप्रमुखांनी त्यातला थोडा भाग म्हाताऱ्या माणसांच्या बॅगांवर खर्च करावा अशी माझी हात जोडून विनंती आहे. मंडपाला, भोजनाला देणारे गावोगावी भेटतात, बॅगेच्या पट्ट्यासाठी कुणी देत नाही.

हे काम बचत गटांच्या बायकांना देता येईल. आपल्या प्रत्येक तालुक्यात शिवणयंत्रे घेतलेले गट आहेत, त्यांना वर्षातून शाळेच्या गणवेशाचे काम मिळाले तर मिळते आणि बाकी महिने मशीन झाकून ठेवलेली असते. चैत्र-वैशाखात त्यांना बॅगांचे काम दिले तर ज्येष्ठात दिंड्या निघण्यापूर्वी तयार होतील. एक अडचण आहे, घरगुती मशीनवर चार पदरी कापड आणि निवार पट्टी जात नाही, सुया मोडतात. पट्ट्याच्या मुळाच्या टिपा तेवढ्या जाड मशीनवाल्याकडून मारून घ्याव्या लागतील. आमच्या गावात ते मी करून देईन, इतर गावांत सीट कव्हरवाले आहेत.

संपादक साहेब, आपल्याकडून दोन गोष्टी हव्यात. पाठीचे माप कसे घ्यावे याचे एक साधे रेखाचित्र वारीच्या पुरवणीत छापावे, गावात वाचणारा एक असला तरी तो दहा जणांची मापे घेईल. आणि बॅगवाटपाचे फोटो छापताना आपल्या वार्ताहराने बॅगेचा पट्टा किती बोटे रुंद आहे ते बातमीत लिहावे.

मी तीन मापांचे कागदी नमुने काढून ठेवले आहेत, 15, 17 आणि 19 इंच पाठीचे, त्यात नऊवारीसाठीचा कमरपट्टा वेगळा. कोणत्याही गटाने, संस्थेने किंवा शिवणाऱ्याने येऊन ते छापून घ्यावेत, पैसे नाहीत. मंगळवारी बाजार असतो म्हणून दुकानात गर्दी असते, इतर दिवशी सकाळी दहानंतर कधीही या. येताना टेप आणा, तुमचे स्वतःचे मापही घेऊन देतो.

आपला,
बॅगा शिवणारा एक वारकरी,
अंबाजोगाई, जि. बीड